पाटीवरची दोन नावं: नेल्सनच्या क्लॅरियन हाऊसचं प्रकरण

एखादी संस्था एका माणसाच्या किंवा एका वृत्तपत्राच्या नावावर उभी राहते. काही वर्षांनी तोच माणूस असं काही बोलून बसतो, की संस्थेतल्या बऱ्याच लोकांना ते नाव उच्चारायला जड जातं. मग काय करायचं? नाव टाकायचं, संस्था सोडायची, की रविवारचा कार्यक्रम ठरल्यासारखा चालू ठेवायचा? महाराष्ट्रात वाचनालयं, व्यायामशाळा, कामगार मंडळं चालवणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हा पेच आलेला आहे. इथलं प्रकरण मात्र इंग्लंडमधल्या लँकशायरचं आहे: नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावातल्या समाजवादी सायकलस्वारांचं आणि त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी बांधलेल्या एका घराचं. साध्या सदस्यांची नावं इथे घेतलेली नाहीत. जी नावं येतात ती सार्वजनिक इतिहासातली आहेत.

## पार्श्वभूमी

नेल्सन हे जुनं गाव नव्हे. 'लॉर्ड नेल्सन' नावाच्या एका इनभोवती, म्हणजे वाटसरूंच्या सराईभोवती, वस्ती वाढली, गिरण्या आल्या आणि गावाला त्या इनचंच नाव चिकटलं. १८९० मध्ये नगरपालिकेची सनद मिळाली आणि १९११ पर्यंत लोकसंख्या ३९ हजारांच्या घरात गेली. काम एकच, कापड विणणं. गिरणगावात ज्याला साचा म्हणत तो माग इथे घरटी कुणी ना कुणी चालवत होतं आणि एकेका विणकराकडे साधारण चार साचे असत. या धंद्याची एक गोष्ट पुढच्या सगळ्या हकिगतीला कारण आहे. विणाईचे दर नगावर ठरलेले असत आणि संघटनेने मान्य करून घेतलेला दर पुरुषाला तोच बाईलाही मिळे. बाईच्या हातात स्वतःची मजुरी होती, संघटनेच्या वर्गणीची पावती होती. त्यामुळे इथल्या समाजवादी मंडळींत बायका पाहुण्यासारख्या नव्हत्या, बरोबरीच्या होत्या. सेलिना कूपर लहानपणी अर्ध्या दिवसाची बालकामगार म्हणून गिरणीत गेली आणि पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात देशभर बोलत हिंडली. ती याच गावात राहत होती.

शनिवारी दुपारी गिरणी सुटे आणि रविवार मोकळा असे. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीतून १८९० मध्ये मिळाली. लँकशायरमध्ये ती आधीपासूनच होती, प्रश्न होता तिचं करायचं काय. दुकानं बंद, गिरण्या बंद. एकीकडे चॅपेल, दुसरीकडे पब. ज्याला दोन्ही नको त्याने आठ बाय दहाच्या खोलीत बसून राहायचं, आणि खिडकीतून धुरांड्यांच्या पलीकडे पेंडल हिल दिसत राहायची. हा साडेपाचशे मीटरचा उघडा, वारा खाणारा डोंगर गावापासून फार लांब नाही. पण आठवडाभर साच्यांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला तिथवर जायचं तर साधन हवं होतं.

ते साधन आलं. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'सेफ्टी' सायकल १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीत तयार झाली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला. नवी सायकल विणकराच्या आवाक्याबाहेर होती. पण मध्यमवर्गाने शौक म्हणून घेतलेल्या सायकली चार-पाच वर्षांनी जुन्या म्हणून विकायला निघाल्या, हप्त्यांवर मिळू लागल्या आणि हळूहळू कामगारांच्या दाराशी आल्या.

याच सुमारास, डिसेंबर १८९१ मध्ये, रॉबर्ट ब्लॅचफर्ड या पत्रकाराने मँचेस्टरमध्ये 'क्लॅरियन' नावाचं समाजवादी साप्ताहिक काढलं. ब्लॅचफर्ड आधी सैन्यात सार्जंट होता. मग एका खपाऊ रविवारच्या पत्रात चांगल्या पगारावर लिहीत होता, आणि समाजवाद लिहू देत नाहीत म्हणून त्याने ती नोकरी सोडली. त्याची भाषा सभेतली नव्हती, शेजारी बसून बोलल्यासारखी होती. त्याच्या समाजवादावरच्या लेखांची एका पेनीची आवृत्ती १८९४ मध्ये निघाली आणि लाखांनी खपली. 'क्लॅरियन'च्या वाचकांनी गाणारी मंडळं काढली, भटकंतीची मंडळं काढली, गरीब मुलांना जेवू घालून त्यांची करमणूक करणारे क्लब काढले. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं आहे, त्यांना विचार आणि मौज एकत्र कशी नांदते हे वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या लेबर चर्चमध्ये, म्हणजे समाजवादी कामगारांच्या धर्मसभेत, टॉम ग्रूम आणि त्याचे सहा-सात साथी जमले आणि त्यांनी समाजवादी सायकल क्लब काढला. लगेच नंतरच्या बैठकीत त्यांनी नाव बदललं: क्लॅरियन सायकलिंग क्लब. या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि तो घेताना कुणाला तो निर्णय वाटलाही नसेल. विचाराचं नाव जाऊन वृत्तपत्राचं नाव आलं. फायदा तत्काळ झाला. पत्रात सहलींच्या तारखा छापून येऊ लागल्या, एका गावचं वाचून दुसऱ्या गावात क्लब निघाले, आणि १८९५ च्या ईस्टरला ॲशबोर्न इथे सगळे जमून राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. परस्परांना मदत, मैत्री, समाजवादाच्या तत्त्वांचा प्रसार आणि सायकल चालवण्याचा आनंद, असा उद्देश त्यांनी लिहून ठेवला. रस्त्यात अनोळखी क्लॅरियनवाला भेटला की एकाने 'बूट्स!' ओरडायचं आणि दुसऱ्याने 'स्पर्स!' असं उत्तर द्यायचं, ही त्यांची ओळखीची खूण. पिशवीत डबा आणि पत्रकं. गावात पोचलं की पत्रकं वाटायची, कुणी ऐकणारं असेल तर चौकात उभं राहून बोलायचं, मग कुरणावर बसून डबा उघडायचा.

## भाड्याचं घर की स्वतःचं

क्लबघराची कल्पना इथूनच आली. इतकी माणसं रविवारी बाहेर पडणार तर चहा प्यायला, पावसात आडोशाला, टायर पंक्चर झाला तर तो काढायला जागा हवी. पबमध्ये जायचं तर दारू आली, आणि या चळवळीतले बरेच लोक दारूच्या विरोधात वाढलेले होते. चेशरमध्ये हँडफर्थला आणि यॉर्कशरमध्ये मेन्स्टनला अशी क्लबघरं झाली. नेल्सनकरांनीही पेंडलच्या पायथ्याशी रफली गावाच्या परिसरात आधी भाड्याच्या जागा घेऊन पाहिल्या.

इथे नेल्सनने जे केलं ते मला सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विचारपूर्वक पाऊल वाटतं. नेल्सनमध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीची (आयएलपी), म्हणजे स्वतंत्र मजूर पक्षाची, शाखा भक्कम होती. (मराठी वाचकाला हे नाव डॉ. आंबेडकरांच्या १९३६ च्या पक्षामुळे ओळखीचं आहे. ब्रिटनमधला पक्ष त्याहून जुना, मजूर पुढारी केअर हार्डीच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ब्रॅडफर्डला स्थापन झालेला.) या शाखेच्या लोकांनी जमिनीसाठी एक वेगळी सोसायटी उभी केली, नेल्सन आयएलपी लँड सोसायटी. तिच्या नावावर रफली आणि न्यूचर्च यांच्यामधल्या जिनी लेनवर जमीन घेतली आणि १९१२ मध्ये तिथे घर बांधलं. पैसे विणकरांच्या संघटनेने कर्जाऊ दिले, ३५० पौंड.

हे कर्ज कोणत्या वर्षी मिळालं ते पाहण्यासारखं आहे. डिसेंबर १९११ च्या अखेरीस लँकशायरच्या मालकांनी संघटनेचे सभासद नसलेल्या कामगारांच्या वादावरून विणाईच्या धंद्यात सर्वत्र टाळेबंदी केली होती आणि ती जानेवारीत कामगारांच्या पदरात काही न पडता उठली. त्याच वर्षात संघटनेने रविवारच्या चहाच्या घरासाठी पैसे बाजूला काढले. संपाचा निधी आणि सहलीचं घर यांत संघटनेला विरोध दिसला नाही. आजही कुठल्या संघटनेच्या बैठकीत असा ठराव आला तर 'आधी महत्त्वाचं बघू' म्हणून तो पुढे ढकलला जाईल, ही शक्यता मोठी आहे.

घराची मालकी सोसायटीची, चालवणारे पक्षाच्या शाखेचे लोक, येणारे सायकलस्वार, पायी भटकणारे आणि त्यांची मुलंबाळं. नाव क्लॅरियन हाऊस.

## पेच

घर बांधून दोन वर्षं झाली आणि ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं.

ब्लॅचफर्ड युद्धाच्या बाजूने उभा राहिला. इंडिपेंडंट लेबर पार्टी विरोधात उभी राहिली. ज्या घराच्या नावात वृत्तपत्र होतं आणि मालकीत पक्ष होता, त्या घरासमोर हा पेच आयता येऊन पडला.

ब्लॅचफर्डची भूमिका अचानक बदलली असं म्हणता येत नाही. १८९९ मध्ये बोअर युद्ध पेटलं तेव्हाच त्याने जुना शिपाई म्हणून ब्रिटिश सैनिकांची बाजू घेतली होती. तेव्हाही वाचक तुटले होते, क्लबांत भांडणं झाली होती. १९०९ मध्ये त्याने 'डेली मेल'मध्ये, म्हणजे समाजवादी ज्याला शिव्या देत त्या पत्रात, जर्मनीच्या धोक्यावर लेखमाला लिहिली होती. म्हणजे पंधरा वर्षं इशारे मिळत होते.

दुसरीकडे सायकलस्वारांचा जर्मनीशी संबंध नेमका उलट प्रकारचा होता. जर्मनीत कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडारिटेट' नावाचा संघ होता. १८९६ मध्ये ऑफेनबाखला स्थापन झालेला हा संघ १९१३ पर्यंत सुमारे दीड लाख सदस्यांचा झाला होता. सदस्यांसाठी त्याने सहकारी तत्त्वावर स्वतःचा सायकल कारखानाही चालवला. ब्रिटनचा सगळा क्लॅरियन क्लब मिळून काही हजारांचा, त्यामुळे जर्मन साथी हे त्यांचे मोठे भाऊच होते. १९१३ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला युरोपातल्या समाजवादी क्रीडा संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन केलं, त्यात ब्रिटनकडून टॉम ग्रूम होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेंट जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलं. ज्यांच्याशी बंधुत्वाचे ठराव केले त्यांच्यावर बंदूक धरायची की नाही, हा प्रश्न क्लबातल्या तरुण मुलांपुढे पुस्तकी राहिला नाही. जानेवारी १९१६ च्या कायद्याने सक्तीची भरती आली तेव्हा तो घरोघर गेला.

## समोर काय मार्ग होते

अशा घराला त्या वेळी कोणते मार्ग उपलब्ध होते, ते मी इथे मांडतो. एकेक मार्ग कुठे ना कुठे कुणी तरी चोखाळलेला आहे.

नाव टाकणं हा सर्वांत सरळ. पाटी उतरवायची, घराला पक्षाचं किंवा गावाचं नाव द्यायचं. तत्त्वाशी प्रामाणिक राहिल्याचं समाधान मिळतं. पण क्लॅरियन हे नाव एव्हाना ब्लॅचफर्डच्या एकट्याच्या मालकीचं राहिलं नव्हतं. वीस वर्षं ज्यांनी 'बूट्स!' म्हणून रस्त्यात हाका मारल्या, ज्यांची लग्नं या सहलींत जमली, त्यांचंही ते होतं. संपादकाने भूमिका बदलली म्हणून त्यांनी आपलं नाव का सोडावं? शिवाय नाव बदलताना युद्धाच्या बाजूने असलेल्या सदस्याला दाराबाहेर काढल्यासारखं झालं असतं, आणि असे सदस्यही होते. कामगारवस्तीत ज्याचा भाऊ फ्रान्समध्ये खंदकात आहे त्याच्याशी रविवारी चहावर कसं बोलायचं, हा प्रश्न ठरावाने सुटत नाही.

दुसरा मार्ग संपादकाच्या मागे जाण्याचा. घराची मालकी पक्षाच्या लोकांकडे असल्यामुळे नेल्सनमध्ये तो जवळपास बंदच होता. ज्या क्लबांचं सगळं अस्तित्व पत्राच्या पानांवर होतं, त्यांना मात्र इतकी मोकळीक नव्हती.

तिसरा मार्ग राजकारण बाहेर ठेवण्याचा: इथे फक्त सायकल आणि चहा. तो शहाणपणाचा दिसतो, आणि बऱ्याच संस्था संकटात तोच धरतात. पण ज्या घराचं कर्जसुद्धा कामगार संघटनेने दिलं, त्याने राजकारण बाहेर ठेवायचं म्हणजे पायाच काढून ठेवायचा.

उरला तो चौथा. पत्र सोडायचं, नाव ठेवायचं. संपादकाशी असलेला संबंध गप्पपणे संपू द्यायचा आणि नावाला आपल्या कामाने नवा अर्थ द्यायचा. या मार्गात गाजावाजा नाही आणि तो वापरल्याचं समाधानही लगेच मिळत नाही.

## प्रत्यक्षात काय झालं

घराचं नाव राहिलं. पक्षही राहिला. इंडिपेंडंट लेबर पार्टी क्लॅरियन हाऊस, अशी दोन्ही नावं आजही त्या घरावर एकत्र आहेत.

पत्राचा खप युद्धकाळात कोसळला. वाचकांनी मोठ्या सभा घेऊन बहिष्कार टाकला असं नव्हे. जो तो आपापला अंक बंद करत गेला. क्लबांचे तरुण सदस्य काही सैन्यात गेले, काही सदसद्विवेकाचं कारण देऊन भरती नाकारून तुरुंगात गेले. नेल्सन हे भरती नाकारणाऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ऑगस्ट १९१७ मध्ये तिथे हजाराहून अधिक स्त्रियांनी शांततेसाठी मोर्चा काढला, पुढे सेलिना कूपर होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमलेल्या जमावाने त्यांना शिव्या दिल्या, सभा उधळायचा प्रयत्न केला. हा जमाव परक्या गावचा नव्हता, त्यातले कित्येक सोमवारी त्यांच्याच शेजारच्या साच्यावर उभे राहणार होते. अशा गावात रविवारी जिथे कुणी शिव्या देणार नाही असं एक घर असणं ही काय चीज होती, ते युद्धविरोधाची किंमत मोजलेल्यांनाच नीट कळेल. माझ्या मते या चार वर्षांत घराने स्वतःचं काम ओळखलं. सायकलस्वारांच्या विसाव्याची जागा ती विचाराने एकट्या पडलेल्या लोकांच्या आधाराची जागा झाली, आणि तरी चहा तोच राहिला.

युद्धानंतर राष्ट्रीय क्लबही पत्राच्या सावलीतून बाहेर आला. १९२३ मध्ये क्लॅरियनवाल्यांच्या पुढाकाराने ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन निघालं. काही वर्षांत ते कम्युनिस्टांकडे गेलं. याच फेडरेशनने २४ एप्रिल १९३२ ला डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या डोंगरावर, जमीनदारांनी अडवलेल्या पठारावर, शेकडो तरुणांचा सामूहिक प्रवेश घडवला. पाच जण तुरुंगात गेले, त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा क्लॅरियनचा सायकलस्वार. डोंगरावर हक्काने चालता यावं हे ब्रिटनमध्ये पुढे कायद्याने मान्य झालं, त्यामागे या लोकांचा मोठा वाटा आहे. १९३६ मध्ये क्लॅरियन क्लबची सदस्यसंख्या आठ हजारांवर गेली, हा त्याचा कळस. १९३८ मध्ये दोन क्लॅरियनवाले स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी पैसे जमवत ग्लासगोहून बार्सिलोनापर्यंत सायकलने गेले. संपादकाच्या युद्धप्रेमाने ज्या क्लबाचा अंत व्हायचा, तो त्यानंतर जास्त मोठा झाला.

जर्मन भावांच्या नशिबी हे नव्हतं. १९३३ मध्ये नाझींनी 'सॉलिडारिटेट'वर बंदी घातली आणि त्याची सगळी मालमत्ता बळकावली. मालकीची जागा असली की संस्था तरतेच असं नाही. ज्या राज्यात ती आहे ते राज्य तिला जगू देतं का, हे त्याआधी येतं.

## दुसरी फूट, आणि मंदी

नेल्सनच्या घरावर तसाच पेच पुन्हा आला. १९३२ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी मुख्य लेबर पार्टीतून बाहेर पडली. आता पाटीवरचं दुसरं नावही वादात आलं. संघटनेतले बहुतेक लोक लेबर पार्टीतच राहिले, आणि आयएलपी हा लहान पक्ष पुढच्या दशकांत झिजत गेला. १९७५ मध्ये त्याने पक्ष म्हणून काम थांबवून इंडिपेंडंट लेबर पब्लिकेशन्स असं रूप घेतलं.

मधल्या काळात गावाची रोजीरोटीच गेली. १९२८ मध्ये नेल्सनमध्ये विणकरांवर सात आठवड्यांची टाळेबंदी लादली गेली. त्याच वर्षी मुंबईत एका कामगाराकडे जास्त साचे देण्याच्या विरोधात गिरण्यांचा सहा महिने संप चालला होता. १९३१ मध्ये लँकशायरमध्येही हाच जादा साच्यांचा झगडा पेटला. दोन्हीकडचे विणकर एकाच बाजारासाठी कापड विणत होते आणि एकमेकांच्या पोटावर पाय आल्यासारखी त्यांची स्थिती करून ठेवलेली होती. आपल्याकडे जाणारी धोतरं विणणाऱ्या ब्लॅकबर्नला भारताची बाजारपेठ गेल्याचा फटका फार मोठा बसला. नेल्सनचा माल तलम, म्हणून तिथे तो थोडा उशिरा बसला. पण दुसऱ्या महायुद्धानंतर साचे तिथेही थांबले.

पत्र गेलं, पक्ष आटला, गिरण्या गेल्या. हँडफर्थ आणि मेन्स्टनची क्लबघरं क्लबघरं म्हणून राहिली नाहीत. जिनी लेनवरचं घर उघडं आहे. रविवारी स्वयंसेवक येतात, मोठ्या पिंटच्या मगातून चहा देतात, लोक डबा घरून आणतात. भिंतीवर केअर हार्डी आणि चळवळीतल्या इतरांच्या तसबिरी आहेत. २०१२ मध्ये घराला शंभर वर्षं झाली.

याचं कारण मला तीन गोष्टींत दिसतं, आणि त्या एकमेकींना धरून आहेत. जमीन पक्षाच्या केंद्रीय समितीच्या नावावर नव्हती, स्थानिक सोसायटीच्या नावावर होती. म्हणून पक्षाने कुठलीही दिशा घेतली तरी घर विकायला किंवा बंद करायला लंडनहून कुणी येऊ शकलं नाही. कर्ज सावकाराचं किंवा बँकेचं नव्हतं, ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांच्याच संघटनेचं होतं. आणि चालवणं स्वस्त ठेवलं: खोल्या भाड्याने देणं नाही, नोकर नाहीत, आठवड्यातून एक दिवस उघडायचं. मोठी क्लबघरं मुक्कामाची सोय, बागा, खेळांची मैदानं असा डोलारा उभारत गेली. त्याचा खर्च चालू राहण्यासाठी माणसं सतत येत राहावी लागतात. नेल्सनच्या घराला कमी माणसांचे दिवस सोसता आले.

## वेगळं काय करता आलं असतं

बर्मिंगहॅमच्या मंडळींनी १८९४ मध्ये पत्राचं नाव घेतलं ते चूक होतं असं मला म्हणवत नाही. त्या नावाशिवाय क्लब इतक्या वेगाने पसरला नसता. पण त्यांनी एक गोष्ट करायला हवी होती: संपादक आणि क्लब यांचा परस्परसंबंध कागदावर आणायला हवा होता. पत्राच्या भूमिकेशी क्लब बांधील आहे की नाही, एवढं एक वाक्य. ते नसल्यामुळे बोअर युद्धाच्या वेळी प्रत्येक क्लबाला आपापल्या बैठकीत हा वाद नव्याने घालावा लागला, आणि १९१४ मध्ये पुन्हा.

१८९९ चा इशाराही वाया गेला. त्या पहिल्या भांडणानंतर क्लबांच्या सहलींची माहिती देण्यासाठी पत्रावर न विसंबणारी स्वतःची पक्की व्यवस्था उभी करायला त्यांना पंधरा वर्षं मिळाली होती. तशी व्यवस्था असती तर युद्धात पत्राचे अंक बंद करणाऱ्या सदस्याला क्लबाच्या बातमीलाही मुकावं लागलं नसतं. आज एका माणसाच्या नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपली सगळी मंडळं चालवणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

नेल्सनच्या बाजूने एक उणीव सांगायला हवी. जे घर फक्त रविवारी, फक्त स्वयंसेवकांवर चालतं, ते स्वयंसेवकांच्या वयाबरोबर म्हातारं होतं. गिरणी असताना नवी पिढी आपोआप येत होती, कारण आई-बाप तिथेच येत. गिरण्या गेल्यावर ती आपोआप येणारी रांग तुटली. ती जोडायला वेगळं काम करावं लागतं, आणि स्वस्त चालवण्याच्या धोरणात त्या कामाला पैसा नसतो.

राष्ट्रीय क्लबाचं मात्र उद्देशावरचं भांडण २०२१ मध्ये पुन्हा वर आलं. वार्षिक परिषदेत सदस्यांनी घटनेतला समाजवादाचा उल्लेख काढून त्या जागी न्याय्य वागणूक, समता आणि सर्वसमावेशकता अशा आशयाचे शब्द घातले. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, आताचे बरेच सदस्य सायकलसाठी येतात, त्यांना पक्षीय वाटणारा शब्द नको. विरोधकांचं म्हणणं, तो शब्द काढला तर आपण इतर शेकडो सायकल क्लबांपेक्षा वेगळे कशात? त्यांतल्या काहींनी नावापुढे १८९५ हा आकडा जोडून जुन्या उद्देशाचा वेगळा क्लब काढला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. सहल कुणालाही काढता येते. चौकात उतरून पत्रक हातात देण्याची लाज वाटू नये म्हणून तो शब्द लिहिलेला होता.

पण बहुमताने घटना बदलता आली हेही खरं, कारण राष्ट्रीय क्लबाकडे ठरावाने बदलता न येणारं असं काही उरलेलं नव्हतं. पेंडलच्या पायथ्याच्या घराची स्थिती वेगळी आहे. तिथे पाटी बदलायची तर सोसायटीच्या सभासदांना दर रविवारी तिथे येणाऱ्या माणसांसमोर उभं राहून त्याचं कारण सांगावं लागेल.